शाळा समितीचं मतदान: हात वर की चिठ्ठी?

शिक्षण हक्क कायदा, 2009 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात. मत घ्यायचं कसं, हा प्रश्न बैठकीत येतोच.

हात वर करणं दोन मिनिटांत उरकतं. पावसाआधी शाळेची कौलं परतायची, असल्या ठरावाला तेच बरं. मात्र बाजूने, विरोधात, तटस्थ हे तिन्ही आकडे इतिवृत्तात लिहा. एक हात जरी विरोधात असला तरी 'सर्वानुमते' लिहू नका.

अध्यक्षनिवडीला चिठ्ठीच हवी. कोकणातल्या वाडीत सगळी भावकी. समोर दीर बसलेला असताना भावजयीचा हात मनासारखा वर जात नाही. एकाच मापाचे कागद घ्या, त्यावर शाळेचा शिक्का मारा, हजेरीवर सही झाली की प्रत्येकाला एकच द्या. रिकामा डबा सगळ्यांना दाखवा. उघडण्याआधी चिठ्ठ्या मोजून सह्यांशी ताळा करा. घोळ इथेच होतो: उशिरा आलेला सही न करता चिठ्ठी टाकतो, आणि एक मत जास्त निघतं. मग सगळं पुन्हा घ्यावं लागतं.

समान मतं पडली तर काय, हे चिठ्ठ्या वाटण्याआधीच लिहून ठेवा.