एफडीवरचं क्रेडिट कार्ड की मोबाइलचा ईएमआय?

पहिली नोकरी, सिबिल रिपोर्टवर (कर्ज-परतफेडीच्या नोंदींवर) स्कोअरऐवजी ‘एनएच’ किंवा ‘-१’. म्हणजे स्कोअर वाईट नाही, इतिहासच नाही. सुरुवात कशाने करावी?

खर्च: कार्डासाठी एफडी बँकेकडे तारण म्हणून अडकते, पण तिचं व्याज चालू राहतं. पूर्ण बिल वेळेत भरलं तर कार्डाला व्याज शून्य. ‘नो कॉस्ट’ ईएमआयमध्ये मात्र प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी बहुधा लागतोच.

इतिहास: ईएमआय ९-१२ महिन्यांत संपतो, कार्ड वर्षानुवर्षं चालतं, खात्याचं वय वाढतं. कार्डाची मर्यादा २०,००० असेल तर ६,००० पर्यंतच वापरा. बिल तयार होण्याआधीच थोडी रक्कम भरली, तर रिपोर्टमध्ये वापर कमी दिसतो.

घोटाळा कुठे होतो: कार्डावर ‘मिनिमम ड्यू’ (बिलातली किमान रक्कम) भरून गप्प बसण्यात. उशिराची नोंद टळते, व्याज टळत नाही. ते वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास जातं. ईएमआयमध्ये खात्यात पैसे नसले की हप्ता बाउन्स, दंड दोन्हीकडून, बँकेचा आणि कर्ज देणाऱ्या कंपनीचा. कर्ज फिटल्यावर एनओसी (कर्ज फिटल्याचं पत्र) घ्या, रिपोर्टमध्ये ‘क्लोज्ड’ दिसतंय का बघा.

दोन-तीन वर्षांत गृहकर्ज घ्यायचं असेल तर कार्डच. कार्ड हातात आलं की खर्च सुटतो, अशांनी ईएमआय घ्यावा. तोही वस्तू खरंच हवी असेल तरच.