व्हिएतनाम युद्धात लढलेल्या अमेरिकी सैनिकांच्या सन्मानार्थ काढलेलं 1911 पिस्तूल: दहा महिन्यांच्या वापरानंतर

ह्यूस्टनची दमट हवा, दहा महिने आणि साधारण 300 गोळ्या, एवढ्या वापरावरचं हे मत आहे. पिस्तूल म्हणून ते चोख आहे. स्मारक म्हणून मात्र त्याला जपावं लागतं, आणि दोन्ही कामं एकाच पिस्तुलाकडून करून घेऊ नयेत. घेण्याआधीच ठरवा, झाडायचं की ठेवायचं.

नमुन्याची निवड अगदी योग्य आहे. बंदूक-रचनाकार जॉन ब्राउनिंगची ही 1911 नावाची रचना 1911 ते 1985 अमेरिकी सैन्याचं अधिकृत पिस्तूल होती. व्हिएतनाममध्ये बोगद्यांत उतरणाऱ्या सैनिकांच्याही हातात ती असे. पाच इंची बॅरल, मॅगझिनमध्ये 7 गोळ्या, रिकाम्या पिस्तुलाचं वजन 1.1 किलोच्या आसपास. ज्यांनी ते कमरेला बाळगलं, त्यांना हा भार लगेच ओळखू येतो.

खरी अडचण कोरीवकामात आहे. स्लाइडवर, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकणाऱ्या भागावर, पातळ संरक्षक लेप आहे आणि लेझरने तो कापून अक्षरं थेट पोलादात उतरवली आहेत. म्हणजे प्रत्येक अक्षराचा तळ उघडा. दोन महिन्यांत अक्षरांच्या कोपऱ्यांत मोहरीएवढे नारिंगी ठिपके दिसू लागतात. मऊ टूथब्रशवर दोन थेंब तेल घेऊन अक्षरांत फिरवा, रात्रभर राहू द्या, सकाळी सुती कापडाने टिपून घ्या. मग मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात. मेण जास्त झालं की अक्षरांत पांढरं साचतं आणि ते काढताना जीव जातो. पॉलिश अजिबात नको. सोन्याचा मुलामा असेल तर अमोनिया असलेलं द्रावणही नको. हात लावायचाच तर नायट्राइलचे हातमोजे घाला, घामातलं मीठ गंजाला पुरेसं असतं.

सोबत मिळणारी मखमली अस्तराची लाकडी पेटी फक्त दाखवण्यापुरती वापरा. मखमल ओलावा धरते. चामड्याच्या होल्स्टरमध्ये तर कधीच ठेवू नका. सिलिकॉन लावलेली कापडी पिशवी, कुलूपबंद तिजोरी आणि आर्द्रता 50 टक्क्यांच्या आत, एवढं पाळलं की गंज परत येत नाही.

झाडल्यावर खोलणं आलंच. मॅगझिन काढा, चेंबर (गोळी बसण्याची जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. बुशिंग (बॅरलच्या तोंडाशी असलेली कडी) फिरवताना स्प्रिंगच्या टोपणावर अंगठा घट्ट हवा, नाहीतर ते थेट डोळ्याकडे उडतं. जोडताना स्लाइड स्टॉप (स्लाइड अडवून ठेवणारी बाजूची खीळ) कमानीसारखा फिरवत वर नेला की फ्रेमवर चंद्रकोरीसारखा ओरखडा उठतो. स्मारक-पिस्तुलावर तो कायमचा डाग. त्या जागेवर आधी मास्किंग टेप लावा, स्टॉप सरळ खालून वर आणा आणि मधला प्लंजर (स्प्रिंगवरची छोटी खुंटी) जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कोपऱ्याने आत दाबा.

गुंतवणूक म्हणून घेत असाल तर घेऊ नका. कोल्टने 1967 ते 1969 मध्ये पहिल्या महायुद्धातल्या चार लढायांच्या नावाने 1911 काढली, साधी आवृत्ती प्रत्येक लढाईमागे 7,400 पिस्तुलं. बहुतेकांनी ती पेटीतच जपली, मग दुर्मीळ कशी होणार? त्यातही झाडलेल्याची किंमत आणखी उतरते.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं: स्मारक असलं तरी कायद्याने हे पूर्ण हत्यारच आहे. परवानाधारक दुकानातून घेताना फॉर्म 4473 हा हत्यार-खरेदीचा संघीय अर्ज भरावाच लागतो आणि साधारणपणे पार्श्वभूमी तपासणीही होते. ग्रीन कार्डवाल्यांना घेता येतं. एच-1बीवर मात्र वैध शिकारी परवान्यासारखी सवलत नसेल तर जवळ बाळगणंही संघीय गुन्हा आहे.

नाव कोरून घेणार असाल, तर ते नक्की घ्या, कारण सैनिकाच्या नावाशिवाय हा सन्मान सगळ्यांना सारखाच वाटलेला राहतो. पण मजकूर ऐकीव माहितीवर देऊ नका. डीडी-214 हा सेवामुक्तीचा कागद मागवून नाव, हुद्दा आणि पदकं अक्षर न् अक्षर जुळवा. वर्षंही तपासा: अमेरिकी सरकारच्या व्हिएतनाम युद्ध स्मरणकार्यक्रमाने 1 नोव्हेंबर 1955 ते 15 मे 1975 हा काळ धरला आहे, त्यामुळे कोरीव मजकुरात फक्त 1965 नंतरची वर्षं असतील तर सुरुवातीचे सल्लागार सैनिक बाहेर राहतात. कोरणाऱ्याला अनुक्रमांकाला धक्का न लावण्याची लेखी सूचना द्या.