नवा टीव्ही घेताय? आधी काळा रंग बघा

मावशीने दिवाळीत ५५ इंची फोर-के टीव्ही घेतला. त्याच संध्याकाळी तिचा फोन आला, "अरे, मालिकेतल्या सगळ्यांचे चेहरे मेणाचे झालेत. आपला जुना डबाच बरा होता की!" जाऊन बघतो तर सेट टॉप बॉक्स जुनाच, साध्या एसडीचा, आणि तो टीव्हीला जोडलेला पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरने. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६० ठिपके असतात आणि एसडी चित्रात ७२० गुणिले ५७६. भागाकार करून बघा, बरोब्बर २० येतो. आलेल्या एकेका ठिपक्यामागे १९ ठिपके टीव्हीने मनानेच रंगवायचे होते. मग चेहरे मेणाचे होणारच. जुन्या डब्यावर, म्हणजे मागे पोट असलेल्या टीव्हीवर, ही रंगरंगोटी नव्हती. चित्राच्या ५७६ ओळी जशा यायच्या तशाच तो २१ इंचांत काढायचा, आणि त्याचे ठिपके मुळातच कडेला मऊ असल्यामुळे खोट झाकली जायची.

एचडी बॉक्स आणि एचडीएमआय वायर आली, तक्रार मिटली. टीव्ही बदलायचा विचार असेल तर घरात येणारं चित्र कसलं आहे ते पहिल्यांदा बघा. पडद्याचं नंतर.

पडद्यांची तुलना करायला मी एकच कसोटी लावतो: हा टीव्ही काळा रंग कसा काढतो? उजेड पाडणं कोणालाही जमतं, खरं कसब तो विझवण्यात आहे.

मागे पोट असलेल्या डब्यात, म्हणजे सीआरटीत, इलेक्ट्रॉनचा झोत काचेच्या आतल्या लेपावर आदळतो आणि तिथे उजेड पडतो. झोत नाही तिथे अंधार. त्यामुळे काळा चांगला, आणि लेपावरची चमक क्षणात विझत असल्याने पळणारा चेंडूही कसा स्वच्छ दिसायचा. जपान-अमेरिकेत एचडीचे डबेही निघाले होते, पण ३४ इंची सेटचं वजन ९० किलोच्या घरात. तो भिंतीवर टांगायला भिंतही तशीच हवी. एचडीसाठी आज डब्याचा विचार करू नका. मात्र जुने व्हिडिओ गेम किंवा लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटी बघायच्या असतील आणि डबा चालू असेल, तर तो फेकूही नका.

प्लाझ्माबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचंय, कारण तो मला अजून आवडतो. त्यात वायू भरलेले लाखो बारीक कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा स्वतः उजळतो. काळ्याच्या बाबतीत पायोनिअर कंपनीने २००७च्या सुमाराला इतकी मजल मारली की टीव्हीचं नावच 'कुरो' ठेवलं. जपानी भाषेत कुरो म्हणजे काळा. पण कारखान्याचं गणित जमेना. पायोनिअरने २००९ साली टीव्हीतून अंग काढून घ्यायचं ठरवलं, पॅनासोनिकने २०१३च्या अखेरीस प्लाझ्मा थांबवला आणि पुढच्या वर्षी सॅमसंग-एलजीनेही. म्हणजे आज मिळेल तो जुना वापरलेलाच. परवा एका मित्राने विचारलं, "५० इंची प्लाझ्मा जवळपास फुकटात मिळतोय, घेऊ का?" मी म्हटलं, रात्री दिवे मालवून सिनेमे बघणार असशील तर जरूर घे. दिवसा खिडकीसमोर ठेवणार असशील तर नको, काचेत तूच दिसशील. वीज दोन-अडीचशे वॉट आणि कधी त्याहून जास्तही खातो, मे महिन्यात खोलीत शेगडी पेटवल्यासारखं वाटतं, आणि बिघडला की पॅनेल मिळणं मुश्कील. शिवाय पाठीमागचं लेबल वाचायचं: ४२ इंची प्लाझ्मांपैकी बरेच १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांचेच होते, फुल एचडी (१९२० गुणिले १०८०) नव्हेत.

आता दुकानात ज्याला 'एलईडी टीव्ही' म्हणतात तो. हा खरं तर एलसीडीच. फरक एवढाच की पूर्वी पडद्यामागे बारीक ट्यूबलाइट असायच्या, आता एलईडीच्या पट्ट्या असतात. एलसीडीचा ठिपका स्वतः उजळत नाही, तो मागच्या उजेडापुढे दार लोटतो. आणि दार कितीही घट्ट लोटलं तरी फटीतून उजेड येतोच. म्हणून स्वस्त एलईडीवर रात्रीचा प्रसंग काळा न दिसता राखाडी दिसतो. ही फट किती मोठी, हे पॅनेलच्या जातीवर ठरतं. व्हीए पॅनेलमध्ये काळा बराच गडद, पण बाजूने बघितलं की रंग उडतात. आयपीएसमध्ये बाजूनेही रंग टिकतात, पण काळा फिकट. हॉलमध्ये एक जण सोफ्यावर, दोघं खाली आणि आजी स्वयंपाकघराच्या दारात बसून बघत असेल तर आयपीएस. सगळे समोरच बसत असतील तर व्हीए. सेल्समनला हे विचारलंत तर बहुतेक तो रिझोल्यूशन सांगायला लागेल. तुम्ही सरळ पडद्याच्या कडेला जाऊन उभे राहा, पॅनेल कुठलं ते कळेल.

क्यूएलईडी ऐकायला ओएलईडीसारखं वाटतं, आणि नेमकी तिथेच माणसं फसतात. हाही एलसीडीच, फक्त मागच्या उजेडाच्या वाटेवर क्वांटम डॉट नावाच्या अतिसूक्ष्म कणांचा थर. याच कणांसाठी २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा कमी लेखायचं कारण नाही. रंग खरोखर खुलतात, पण फट तशीच राहते. ती बुजवायचा प्रयत्न मिनी एलईडीत आहे: मागचे दिवे शेकडो भागांत विभागायचे आणि अंधाराच्या जागचे तेवढे मंद करायचे. काळा पुष्कळ सुधारतो. मात्र काळ्या पडद्यावर पांढरी सबटायटल्स आली की अक्षरांभोवती चंद्राला पडतं तसं खळं दिसतं. भाग जितके जास्त तितकं खळं लहान. दिवसभर उन्हाने उजळलेल्या हॉलसाठी माझं मत मिनी एलईडीलाच.

ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः पूर्ण विझतो. फटच नाही. एलजीचा ५५ इंची सेट २०१३ साली बाजारात आला, आणि अंधाऱ्या खोलीत सिनेमा बघण्यासाठी याच्या तोडीचं आज दुसरं काही मला ठाऊक नाही. पण दोन गोष्टी ऐका. आपल्याकडे सकाळी चहाबरोबर लागलेलं बातम्यांचं चॅनल रात्रीपर्यंत चालू असतं. कोपऱ्यात तोच लोगो, खाली तीच लाल पट्टी. तेच ठिपके रोज तासन्‌तास उजळत राहिले की लवकर झिजतात आणि पुढे सिनेमातही त्या पट्टीचा डाग दिसतो. दुसरी गोष्ट भिंतीवरच्या बटणाची. ओएलईडी बंद केल्यावर, रिमोटच्या स्टँडबायमध्ये, अधूनमधून स्वतःचे ठिपके तपासून घेतो. झोपताना खटकन मेन स्विच बंद करायची सवय आपल्या घराघरांत आहे, आणि त्याने ही डागडुजी होतच नाही. आईला हे पटवून देता येणार नसेल तर ओएलईडी घेऊ नका, हे मी अर्धं गंमतीत म्हणतोय.

क्रिकेटवाल्यांसाठी एक. डब्यात आणि प्लाझ्मात चित्र लुकलुकत यायचं, एलसीडी आणि ओएलईडी मात्र प्रत्येक चित्र पुढचं येईपर्यंत धरून ठेवतात, म्हणून चेंडूला शेपूट दिसतं. १०० किंवा १२० हर्ट्‌झचं, म्हणजे सेकंदाला तितकी चित्रं दाखवणारं, पॅनेल हे कमी करतं. सेटिंगमधलं 'मोशन' (दोन चित्रांच्या मधली चित्रं टीव्हीने स्वतः भरणं) सामन्यापुरतं चालू ठेवा, सिनेमाला बंद करा, नाहीतर सिनेमाही मालिकेसारखा दिसतो.

आकाराचं गणित साधं आहे. ४३ इंचांवर फुल एचडीचे ठिपके साडेपाच फुटांच्या पलीकडून निरोगी डोळ्याला वेगळे दिसत नाहीत, ५५ इंचांवर सुमारे सात फुटांच्या पलीकडून. सोफा आठ फुटांवर असेल तर ४३ इंचांत फोर-केसाठी पैसे वाढवू नका, तेच चांगल्या पॅनेलवर घाला. सप्टेंबर २०२५मध्ये ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेवढी वाचलेली रक्कमही तिथेच जाऊ दे. ओएलईडी ४२ इंचांच्या खाली मिळतच नाही, तेव्हा बेडरूमच्या ३२ इंचीसाठी साधा एलईडी घ्या आणि विषय संपवा.

दुकानात सगळे टीव्ही भडक 'व्हिव्हिड'वर लावलेले असतात आणि डोक्यावर पांढरे दिवे. तिथे उजळ टीव्हीच जिंकतो. रिमोट मागा, 'सिनेमा' मोड लावा, आणि पेन ड्राइव्हवर रात्रीचा एखादा प्रसंग घरूनच घेऊन जा. मावशीच्या टीव्हीवरही मी शेवटी तेच केलं. ती म्हणाली, "आता जरा पिवळट दिसतंय." दोन दिवसांनी फोन केला तर पिवळटपणाचं नाव नव्हतं, मालिकेतल्या सुनेच्या साडीचा काठ किती बारीक दिसतो हेच ती सांगत होती.