घोडीच्या जंतांसाठी आयव्हरमेक्टिन पेस्ट : आठ महिन्यांचा अनुभव

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातून काठेवाडी घोडी आणली, सोबत चार महिन्यांचं शिंगरू. चंदी वेळच्या वेळी, तरी घोडीच्या बरगड्या मोजता येत होत्या, केस राठ झालेले. लिदीत एकही जंत दिसत नव्हता, म्हणून मी निर्धास्त होतो. पण घोड्याला पोखरणारे बारीक स्ट्राँगाइल जंत डोळ्यांना क्वचितच दिसतात. त्यांची अंडी सूक्ष्मदर्शकाखालीच कळतात.

पहिला डोस अंदाजाने दिला. 'अडीचशे किलो भरेल' असं बाजारात ऐकलं होतं, पिचकारीच्या दट्ट्यावरची चकती तिथेच लावली. त्यात तोंडात वैरणीचा घास होता, बरीच पेस्ट तिने थुंकली. दोन आठवड्यांनी लीद तपासली तर एका ग्रॅममागे ४५० अंडी! डॉक्टरांनी फीत धरायला लावली. छातीचा घेर १६० सेंमी, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी १५०. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०. वजन आलं ३२३ किलो. किलोमागे ०.२ मिलिग्रॅम औषध हवं, मी जेमतेम पाऊण डोस मोजला होता. कमी डोसातून वाचलेले जंत पुढे औषधाला दाद देईनासे होतात, म्हणून याची मला फार हळहळ वाटते.

दुसऱ्या खेपेला तोंड धुऊन, दातांमधल्या मोकळ्या जागेतून पिचकारी जिभेच्या मुळाशी नेली आणि गिळेपर्यंत हनुवटी वर धरली. चौदा दिवसांनी अंडी शून्य. महिन्याभरात अंगावर चकाकी आली, खरारा करताना हाताला फरक कळायचा. एप्रिलमध्ये १०० अंडी निघाली, तेव्हा डॉक्टरांनी औषध दिलं नाही. पावसानंतर ओल्या गवतावरच्या अळ्या पोटात गेल्या आणि ऑगस्टमध्ये आकडा ५५० झाला, तेव्हाच पुढचा डोस.

पेस्टच्या मर्यादा सांगायलाच हव्यात. पुढच्या पायांच्या केसांवर पिवळी अंडी घालणाऱ्या माशीच्या, घोड्याच्या पोटात वाढणाऱ्या अळ्या ती मारते, पण पट्टकृमींवर चालत नाही, त्यासाठी प्राझिक्वांटेल लागतं. आतड्याच्या भिंतीत दडून बसलेल्या बारीक स्ट्राँगाइलच्या अळ्याही वाचतात. घोडी शेपटीचं मूळ खांबाला घासायची, ते पेस्टने पूर्ण थांबलं नाही. सूत्रकृमी गुदद्वाराभोवती अंडी चिकटवतात, लिदीच्या तपासणीत ती बहुधा सापडतच नाहीत. चिकटपट्टी लावून घेतलेल्या नमुन्यात सापडली. आता रोज शेपटीखालचा भाग ओल्या फडक्याने पुसतो, फडकं जाळून टाकतो.

शिंगराला मात्र ही पेस्ट दिली नाही. त्याला होते गोल, पांढरे, वीतभर लांब जंत. या जंतांनी आयव्हरमेक्टिनला न जुमानल्याची उदाहरणं बऱ्याच देशांत आहेत, म्हणून डॉक्टरांनी फेनबेंडाझोल दिलं. पोट जंतांनी गच्च भरलं असेल आणि ते एकदम मेले, तर आतडं तुंबू शकतं. त्यामुळे पहिले दोन दिवस मी पागेतच झोपलो.

आता कुरणातली लीद आठवड्यातून दोनदा उचलतो आणि मध्ये म्हशी चारतो, घोड्याचे हे जंत त्यांच्या पोटात वाढत नाहीत. सांडलेली पेस्ट कुत्र्याने चाटू नये, काही जातींना ती विषारी ठरते. ६.४२ ग्रॅमची पिचकारी साधारण ६०० किलोंची, त्यामुळे घोडीला देऊन निम्म्याहून थोडी कमी उरते. टोपण लावून ठेवली आहे, ऑगस्टच्या डोसानंतरची लीद तपासून आली की पुढचं ठरेल.