बाळाचे पहिले ४२ दिवस: आशाताईंच्या घरभेटींचा आमचा अनुभव

येत्या महिन्या-दोन महिन्यांत ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहायला बसले. बाळंतपणानंतर आशाताई घरी येऊन आई-बाळाला तपासून जातात, त्या सेवेबद्दल. एक पैसा लागत नाही. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी फेरी असते. घरीच झालं असेल तर पहिल्याच दिवशी आणखी एक. लेक माहेरी येणार असेल तर माहेरच्या आशाताईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर नाव सासरच्या गावात राहतं आणि फेऱ्या हुकतात.

आमची लेक पहिलटकरीण. नात जन्मली तेव्हा वजन भरलं २ किलो १५० ग्रॅम. अडीच किलोच्या आतलं बाळ कमी वजनाचं धरतात. त्यात धारूरच्या डोंगरातली थंडी.

तिसऱ्या दिवशी ताई आल्या. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले आणि टॉवेल पुढं केला तरी न पुसता तसेच वाळू दिले. बाळाला झोळीत घालून काट्याला अडकवलं, काखेत थर्मामीटर धरला, मग घड्याळ समोर ठेवून श्वास मोजायला बसल्या. पूर्ण एक मिनिट. मध्येच बाळ रडलं तेव्हा ते शांत होईपर्यंत थांबल्या आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त भरले तर धोका. आमच्या नातीचे ४८ भरले. थर्मामीटरवर मात्र ९६. ताप नाही म्हणून घरातले सगळे निर्धास्त. ताई म्हणाल्या, "काकू, लेकरू गार पडायलंय." लेकीच्या उघड्या छातीशी बाळ लावलं, डोक्याला टोपी, पायात मोजे, वरून गोधडी. आणि त्या निघून गेल्या नाहीत. पारा ९७ च्या वर चढलेला स्वतः बघितला, मगच उठल्या. ही सेवा चांगली की नाही, हे मी एवढ्या एका गोष्टीवरून ठरवलं.

सासूबाई घुटी उगाळायच्या तयारीत होत्या. ताईंनी त्यांना दुखावलं नाही. शेजारी बसून सांगितलं, "आत्या, सहा महिने नुसतं आईचं दूध. पाणीबी नाही." नाळेला तेल, राख काही लावायचं नाही, बाजेखाली धुराची शेगडी नको, हेही बोलता बोलता त्यांच्या गळी उतरवलं.

ही पद्धत गडचिरोलीत उभी राहिली, हे पुष्कळांना माहीत नसतं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९९३ साली तिथल्या ३९ गावांत अभ्यास सुरू केला. गावातल्याच बायकांना बाळ तपासायला आणि आजार ओळखून घरीच उपचार करायला शिकवलं. दुसऱ्या ४७ गावांशी ताडून पाहिलं, तर नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. १९९९ साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि २०११ पासून देशभरातल्या आशांच्या हाती हे काम आलं. खेड्यातली बाई घड्याळ लावून श्वास मोजते आणि बाळ वाचतं, हे त्यांनी आकड्यांनी सिद्ध केलं, याचं मला फार मोल वाटतं.

आता जे बोचतं ते. आमच्या आळीतली एक बाळंतीण दोन आठवड्यांचं लेकरू घेऊन नवऱ्यासोबत कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला गेली. मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, थांबायची सोय नाही. तिच्या बाळाच्या पुढच्या फेऱ्या कोण करणार? कागद इथं, बाळ उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत. आमच्या ताई स्वतःच्या फोनवरून तिला विचारत राहिल्या: अंगावर पितंय का, हातपाय गार लागतात का, छाती आत ओढतंय का. बीड जिल्ह्यातून दरवर्षी एवढी माणसं तोडीला जातात, तर या फेऱ्या त्यांच्यामागं कारखान्यापर्यंत जायला हव्यात. तोवर तोडीला जाणाऱ्यांनी माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावं आणि उतरल्याबरोबर तिथली आशा कोण ते विचारावं.

मोबदल्याचंही तसंच. २०११ च्या नियमात सगळ्या फेऱ्यांचे मिळून २५० रुपये, तेही वजनाची नोंद, लसी, जन्मनोंदणी झाली आणि ४२ व्या दिवशी आई-बाळ दोघं सुखरूप असतील तरच. ज्या घरात बाळ दगावलं तिथं तिनं घातलेल्या खेपांना किंमत नाही का?

नात ४२ व्या दिवशी ३ किलो १०० ग्रॅम भरली. यानंतर ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांच्या भेटी असतात. लेक तोवर केजला सासरी गेलेली असेल. तिथल्या आशाताईंना फोन करून आमच्या ताईंनीच नाव, वजन, लसींच्या तारखा कळवल्या आहेत.