जुना पीसी रिपेअरला देताय? आधी टास्क मॅनेजरचा फोटो काढून ठेवा

आमचे परळचे काका सोसायटीचा सगळा हिशोब जुन्या डेस्कटॉपवर ठेवतात. ते अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर उघडायला एवढा वेळ घ्यायचं की मेंटेनन्सची पावती न्यायला आलेला माणूस दारातच ताटकळायचा. काकांनी स्टेशनजवळच्या एका रिपेअरवाल्याला बोलावलं, त्याने बघितलं न बघितलं आणि म्हणाला हार्ड डिस्क गेलीये, एसएसडी (न फिरणारी, जास्त फास्ट डिस्क) टाकावी लागेल, लॅमिंग्टन रोडवरून नवीन माल आणतो, आणि सीपीयू उचलून घेऊन गेला.

परत आणला तेव्हा मशीन खरंच फास्ट वाटत होतं. साडेसहा हजार कॅश घेतले. बिल? व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणाला, ते आलंच नाही.

थोड्या दिवसांनी ब्राउझर आणि हिशोब एकत्र उघडला की सगळं अडकायला लागलं. मी जाऊन कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबलं, विंडोजचा टास्क मॅनेजर (पीसीत काय काय चालू आहे ते दाखवणारी स्क्रीन) उघडला, त्याच्या परफॉर्मन्समध्ये डिस्कवर क्लिक केलं तर तिथे सरळ एचडीडी म्हणजे जुनी हार्ड डिस्कच लिहिलेलं, एसएसडीचा पत्ताच नाही. आणि मेमरीत, म्हणजे रॅममध्ये, बघतो तर दोनपैकी एकच स्लॉट भरलेला, 4 जीबी. काकांनी खरेदीचं जुनं बिल जपून ठेवलंय, त्यात 4-4 जीबीच्या दोन रॅम आहेत. म्हणजे नवीन काही टाकलं नाहीच, वर घरातली एक रॅम काढून नेली! 72 वर्षांच्या माणसाला असं फसवलं याचा मला अजून संताप येतो.

मग फास्ट कसं वाटलं, तर त्याने फक्त स्टार्टअप टॅबमधले, म्हणजे पीसी चालू होताच आपोआप उघडणारे, प्रोग्राम डिसेबल केले होते. फुकटचं काम आहे, कोणीही घरी करू शकतं. जुनी हार्ड डिस्क फिरणारी असते, पीसी चालू झाल्या झाल्या अपडेट, अँटीव्हायरस, चॅटचे ॲप सगळे एकाच वेळी तिच्यावर तुटून पडतात, डिस्क 100 टक्के दिसते आणि आपलं सॉफ्टवेअर मागे रांगेत राहतं. ती गर्दी हटली म्हणून काकांना फरक जाणवला, पण रॅम अर्धी झाल्यामुळे जरा काम वाढलं की विंडोज रॅमऐवजी त्याच स्लो डिस्कचा वापर करणार, म्हणून परत रडगाणं.

एक गोष्ट घरीच बघा. सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडायला खूप वेळ, बंद करून लगेच उघडलं तर पटकन, असं असेल तर बहुतेक डिस्कच स्लो आहे (दुसऱ्यांदा फाइल्स रॅममधून मिळतात). अशा वेळी एसएसडी टाकणं बरोबरच आहे, आमच्याकडे ती टाकलीच नाही हा प्रॉब्लेम.

मशीन देण्याआधी मेमरी आणि डिस्कच्या स्क्रीनचे फोटो काढा. परत आल्यावर रिपेअरवाल्यासमोरच तीच स्क्रीन उघडून बघा, मग पैसे द्या. जुना पार्ट परत मागा. बिलावर सिरियल नंबर हवाच, वॉरंटी त्यावरच मिळते. एसएसडी वापरलेली असल्याचा संशय आला तर क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात पॉवर ऑन अवर्स (डिस्क एकूण किती तास चालली) हजारांत दिसले तर ती नवीन नाही.

बिल न देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. आम्ही 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकलीये. शिवाय काकांच्या ब्राउझरमध्ये सोसायटीच्या बँकेचा पासवर्ड सेव्ह होता आणि मशीन त्या रिपेअरवाल्याकडे होतं, त्यामुळे तो आधी बदलून घेतला.