पंचाचा निर्णय पटला नाही तर: ब्रेट की गलारागा?

कुंडलच्या कुस्ती मैदानात पाठ टेकली की नाही यावर वाद झाला, तर निदान पाठीची माती तरी बघता येते. बेसबॉलच्या पंचांना १९८३ साली बॅटवरची, पकडीसाठी लावतात ती चिकट राळ मोजावी लागली. ती नियमापेक्षा वरपर्यंत लावलेली, म्हणून फलंदाज जॉर्ज ब्रेटचा होमरन (चेंडू मैदानाबाहेर टोलवून मिळवलेली धाव) रद्द. गडी डोळे वटारून, हात फिरवत असा धावून आला की दुसऱ्या पंचाने त्याला मागून मानेला धरून आवरला. गंमत म्हणजे होमरन परत मिळाला, पण संघाच्या रीतसर तक्रारीमुळे. थयथयाटाबद्दल ब्रेट उरलेल्या खेळातून बाहेरच!

२०१० चं गोलंदाज (पिचर) आर्मांडो गलारागाचं दुखणं जास्त जिव्हारी लागणारं. परफेक्ट गेमला, म्हणजे समोरच्या एकालाही बेसवर पोहोचू न देता सगळे बाद करायला, एकच गडी बाकी, आणि पंच जिम जॉइस यांनी चक्क आउट असलेल्याला सेफ (नाबाद) दिलं. गलारागा नुसता हसला. दुसऱ्या दिवशी पंचांकडे संघाची यादी द्यायला हाच गेला, तर डोळ्यांत पाणी पंचांच्या. निर्णय मात्र तसाच राहिला.

‘मग हसून मिळालं काय, वस्ताद?’ असं सांगलीतलं कुठलंही तालमीतलं पोरगं विचारेल, आणि ते रास्तच आहे. माझं मत तरी गलारागालाच. फक्त तक्रार लिहायला माणूस ब्रेटच्या संघातला हवा.